सहीचा चातुर्मास

या, जरा पुढं सरकून बसा. चपलांची काळजी करू नका. आमच्याकडं कीर्तनातून चपला गेल्या तर बदल्यात दुसऱ्या मिळतात, आणि पुष्कळदा गेल्या त्याहून बऱ्या मिळतात. हातातला चहा संपवा आणि मन इकडं द्या. आज एक आख्यान सांगतो. त्यात राजा नाही, राक्षस नाही, शाप-उःशाप नाही. एक सज्जन हेडक्लार्क आहे, त्याची त्याच्याहून शहाणी बायको आहे आणि बोटभर प्लॅस्टिकचा एक तुकडा आहे. त्या तुकड्यानं या भल्या माणसाला जे नाचवलं, तसं पंचवीस वर्षं टाळ कुटायला लावून देवानंही कधी नाचवलं नव्हतं.

हेडक्लार्कचं नाव सावळाराम औटी. जुन्नरच्या एका शाळेत नोकरी, गळ्यात तुळशीची माळ, आणि पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे. बायको अंजनावहिनी घोडेगावला पंचायत समितीत कामाला. रोज सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं. दोघांचे पगार बरे, पण घर भाड्याचं. मालक तसे देवमाणूस, फक्त भिंतींवर त्यांचा फार जीव. खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. मग ते स्वतः येणार, भिंतीवर बोटं वाजवून बघणार, सुस्कारा टाकणार आणि म्हणणार, "नको, दुखंल तिला." त्यामुळं दरवर्षी फुकट मिळालेली सगळी कॅलेंडरं औट्यांच्या पलंगाखाली असत. आज तिथी काय आहे हे बघायला सावळारामभाऊंना गुडघ्यावर यावं लागे.

अंजनावहिनींनी लग्नापासून दागिना मागितला नाही. दोन हजार आठ सालच्या गुढीपाडव्याला मात्र त्या म्हणाल्या, "अहो, मला फार काही नको. विचारल्याशिवाय खिळा ठोकता येईल अशी एक भिंत पाहिजे."

गावाबाहेर नवी इमारत उठत होती. बिल्डरनं दोन खोल्यांचा फ्लॅट दिवाळीपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. कर्ज मंजूर झालं तर घर यांचं, नाही तर रांगेत दुसरे उभेच होते. दोघं बँकेत गेले. कर्ज बघणाऱ्या मोहिनी मॅडमनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि भुवई वर केली.

"तुमच्या नावावर काहीच येत नाही."

सावळारामभाऊंनी छाती फुगवली. "येणार कसं मॅडम? आयुष्यात कुणाकडून चहासुद्धा उधार प्यालो नाही."

"तेच तर. तुम्ही कधी कर्ज घेतलंच नाही, तर फेडता की नाही हे आम्हाला कळणार कसं? तुमचा क्रेडिट स्कोरच तयार झालेला नाही."

जन्मात दारूच्या वाटेला न गेलेल्या माणसाला 'दारू सोडल्याचा दाखला घेऊन या' म्हणावं, तसं झालं हे. सावळारामभाऊंचा चेहरा बघून मॅडमना दया आली. त्या म्हणाल्या, "असं करा, एक क्रेडिट कार्ड घ्या. आमच्या शाखेत नाही, बाहेरच्या कंपनीचं घ्या. वर्षाची फी नसलेलं बघा. दर महिन्याला थोडं वापरा आणि बिल मुदतीत पुरं भरा. दिवाळीपर्यंत स्कोर उभा राहील. पण अर्ज एकाच ठिकाणी करा हं. प्रत्येक अर्जाची नोंद होते. फार अर्ज दिसले की वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार हिंडतोय."

एकच कार्ड, बिनफीचं. सांगायला सोपं. पण जुन्नरात कुठलीही गोष्ट एकट्यानं ठरवता येत नाही, हे मॅडमना ठाऊक नव्हतं, कारण त्या बदलून आलेल्या.

संध्याकाळी शेजारचे गेणभाऊ ओट्यावर आले. गेणभाऊ एसटीचे निवृत्त कंडक्टर. जगातल्या सगळ्या प्रश्नांचं तिकीट त्यांच्याकडं फाडून तयार.

"पहिलं वर्स फुकट म्हनत्यात का जनमभर फुकट म्हनत्यात, त्ये आधी इचारा," गेणभाऊ म्हणाले. "पहिलं वर्स फुकटवाल्याला दारात उभं करू नगा. पुढच्या साली सातशे रुपयं लावतो."

"मग जन्मभर फुकटवालं घेतो."

"घ्या की. पन कुनाच्या जनमभर? तुमच्या का कंपनीच्या? त्ये बी इचारा, राव."

या प्रश्नावर सावळारामभाऊंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी विचार करायची गरजच उरली नाही, कारण सूरज आला. सूरज म्हणजे अंजनावहिनींचा मावसभाऊ. नारायणगावला एका कार्ड कंपनीत नुकताच चिकटलेला, गळ्यात टाय, पायात तीच जुनी चप्पल.

"दाजी, एकदम लाईफटाईम फ्री. जॉइनिंग फी न्हाई, वर्षाची न्हाई. इथं फक्त सही."

वहिनींनी अक्षर न् अक्षर वाचलं. खरंच फी नव्हती. सावळारामभाऊंनी सही केली. इथं आख्यान संपायला हरकत नव्हती. तुम्ही घरी गेला असता, मीही गेलो असतो. पण त्या साली कार्डाच्या कंपन्यांनी आमच्या भागातली टाय बांधता येणारी सगळी पोरं उचलली होती, आणि ती सगळी कुणाची ना कुणाची पाहुणी होती.

दुसऱ्या आठवड्यात सावळारामभाऊंचा भाचा आदेश आला. मंचरहून मोटारसायकलवर आला, पाणी प्यायला नाही, नुसता बसून राहिला.

"काय रे, बोलत का नाहीस?"

"काय बोलायचं, मामा? मामीच्या माहेरच्याला सही मिळती. आमी कोण? आमी नुसते भाचे."

आता बाबांनो, तुम्हीच सांगा. लग्नात नवरीकडच्यांना टोपी-टॉवेल दिला आणि नवऱ्याकडच्यांना नुसताच नमस्कार केला, तर मांडवात जेवण होईल का? मानपान म्हणजे मानपान. अंजनावहिनी स्वयंपाकघरातून मान हलवून 'नको, नको' खुणावत होत्या. पण बहिणीच्या पोराला रिकाम्या हातानं पाठवायचं? सावळारामभाऊंनी सही केली. आदेश उठून दोन तांबे पाणी प्यायला.

मग व्याह्यांचा पुतण्या आला, त्याला सही. हेडसरांचा मेव्हणा आला. हेडसरांच्या मेव्हण्याला कोण नाही म्हणणार? चुलत घरातल्या थोरल्याला दिली म्हणून धाकट्याला दिली. त्यातली निम्मी कार्डं पहिल्या वर्षी फुकटवाली होती, एकाला तर नुसतं दारात आल्याबद्दलच फी होती. पण मानाच्या आहेरात कापडाचा पोत कोण बघतो? वैशाख सरता सरता भाऊंच्या सह्या डझनाच्या घरात गेल्या. प्रत्येक सहीनंतर ते वहिनींना म्हणत, "ही शेवटची."

कंपन्यांची माणसं चौकशीला यायला लागली. औटी कामावर असले की ती शेजारी विचारत, आणि शेजारी कोण? गेणभाऊ! त्यांनी ठरवलं, मित्राची शिफारस करायची तर पोट भरून करायची.

"मानूस कसा आहे?"

"मानूस? साधू हाये साधू! पैशाला शिवत न्हाई."

"पगार किती?"

"किती का असंना, त्येला काय त्येचं? आला की सप्त्याला देतो, पंगतीला देतो. घरात दमडी ठिवीत न्हाई!"

"घर स्वतःचं आहे?"

"संताला कसलं घर, भाऊ? मालकानं उद्या जा म्हनलं तर टाळ घिऊन निगंल बगा!"

चौकशीवाले भक्तिभावानं नमस्कार करत आणि कागदावर फुली मारत. एकामागून एक अर्ज नामंजूर झाले. त्यावर कहर असा, की आदेशला वाटलं मामानंच आतून फोन करून आपलं कार्ड मोडलं. व्याह्यांकडून लग्नाची पत्रिका यायची बंद झाली. हेडसर वऱ्हांड्यात समोरून येताना भिंतीकडं बघायला लागले.

ज्येष्ठात मोहिनी मॅडमनी पुन्हा नाव टाकलं आणि हात डोक्याला लावला. "काय केलंत हे? तुमचा स्कोर जन्माआधीच आजारी पडलाय! आता दिवाळीपर्यंत कुठंही नवीन सही नको. एकही नको. सूरजच्या कंपनीचा निकाल तेवढा बाकी दिसतोय. ते कार्ड आलं तर नीट वापरा. नाही आलं, तर मला काही करता येणार नाही."

बाहेर आल्यावर अंजनावहिनी एवढंच म्हणाल्या, "आता कुणी आलं तर नाही म्हणायचं. म्हणा बघू, नाही."

"ना..." सावळारामभाऊ म्हणाले, आणि पुढं त्यांना ठसका लागला.

आषाढी एकादशीचा दिवस. पेठेतल्या विठ्ठलमंदिरात कीर्तन झालं, दर्शनाची रांग लागली. भाऊ गाभाऱ्यापाशी पोचले तोच मागून घरमालकांची सून हर्षाली आली. हातात आरतीचं ताट, ताटाखाली कार्डाचा अर्ज.

"काका, माझं टार्गेट राहिलंय हो. मामंजी म्हणाले, काका नाही म्हणायचे नाहीत."

मालकांची सून! भिंती तिच्या, छप्पर तिचं, बोअरिंगचं पाणी तिचं. सावळारामभाऊंनी विठोबाकडं बघितलं. विठोबाचे हात कमरेवर. माझ्याच्यानं काही होणार नाही, असं स्पष्ट दिसत होतं. आणि भाऊंच्या तोंडून निघून गेलं,

"सही नाही करता येत गं. चातुर्मास आहे."

"म्हणजे?"

"कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं. मी यंदा सही सोडली. देवासमोर."

मग हर्षालीनं उपास असलेल्या माणसापुढून भज्यांची ताटली मागं घ्यावी तसा अर्ज मागं घेतला आणि वाकून नमस्कार केला. "चुकलं, काका." आमच्याकडं माणसाचा शब्द मोडतील, घर मोडतील, पण कुणाचा उपास मोडणार नाहीत. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं चा सोडला व्हता. पन सही! लई अवगड गं बाई." दोन दिवसांत ही कीर्ती ओतूरपासून मंचरपर्यंत पसरली. टायवाली पोरं लांबूनच हात जोडायला लागली. आदेशचा रुसवासुद्धा गेला. व्रतच आहे म्हटल्यावर मामाचा काय दोष?

सावळारामभाऊ तरंगतच घरी आले. अंजनावहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, चातुर्मास संपतो कार्तिकीला. आणि कर्जाचे कागद व्हायचे दिवाळीला. दिवाळी कार्तिकीच्या आधी येते का नंतर?"

भाऊ गुडघ्यावर आले, पलंगाखालचं कॅलेंडर काढलं आणि बराच वेळ तिथंच राहिले.

पण दिवाळी लांब होती, शाळा मात्र उद्याच होती. हेडक्लार्कची सही नाही म्हणजे मस्टर नाही, पगारपत्रक नाही, दाखला नाही. हेडसर स्वतः माळकरी, त्यांना जबरदस्ती करता येईना. शिक्षक म्हणाले, पगार अडला तर आमचाही उपासच होईल. शेवटी तोडगा निघाला, अंगठा. अंगठ्याला व्रतात बंदी नव्हती. बी.कॉम. झालेला हेडक्लार्क शाईच्या गादीवर अंगठा दाबून मुलांना बोनाफाईड द्यायला लागला. एक पालक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "म्हनूनच शाळंचं आसं झालंय."

तेवढ्यात शीलाताई आल्या. त्या साक्षरता वर्गाच्या नव्या कार्यकर्त्या, गावात नवख्या. त्यांनी भाऊंना अंगठा उठवताना बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काका, लाजायचं काहीच कारण नाही. या वयातही शिकता येतं. रोज संध्याकाळी सहाला वर्ग असतो. येणार ना?"

तुम्हाला वाटेल, आता तरी नाही म्हणाले असतील. छे! सावळारामभाऊ सहाला जाऊन बसले. मेंढ्या राखणाऱ्या दोन आजोबांच्या मधे बसून त्यांनी पाटीवर 'ग' गिरवला. शीलाताईंनी ती पाटी सगळ्या वर्गाला दाखवली. "बघा! पहिल्याच दिवशी! मनावर घेतलं की होतं." वर्गानं टाळ्या वाजवल्या. भाऊंनीही वाजवल्या. काय करणार?

आणि श्रावण लागता लागता कुरिअरवाला आला. सूरजच्या कंपनीनं कार्ड पाठवलं होतं! त्यांचा चौकशीवाला आला तेव्हा गेणभाऊ देवदयेनं दाढदुखीनं झोपून होते, म्हणून ते मंजूर झालं होतं. पाकीट समोर. हातभर अंतर.

"सही करा."

"अंगठा चालंल?"

कुरिअरवाल्यानं भाऊंच्या शर्टाच्या खिशातल्या दोन पेनांकडं बघितलं. "काका, थट्टा नका करू. फॉर्मवर झोकदार सही हाय तुमची. ती जुळली पाहिजे. कार्डाच्या मागं बी सही लागती. आठवडाभर नारायणगावच्या हापिसात ठेवतो, मग परत मुंबईला."

पाकीट गेलं. ते परत गेलं म्हणजे कार्ड गेलं, कार्ड गेलं म्हणजे स्कोर गेला, आणि स्कोर गेला म्हणजे दिवाळीला तो फ्लॅट दुसऱ्याचा. अंजनावहिनी घोडेगावहून आल्या, त्यांना सगळं कळलं. त्यांनी भांड्यांचा आवाज केला नाही, की कपाळाला हात लावला नाही. नुसत्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. रागावल्या असत्या तर भाऊंना सोसलं असतं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "सरळ जाऊन सही करतो. देव काय..."

"तसं नाही करायचं," वहिनी म्हणाल्या. "व्रत मोडून घेतलेल्या घरात मला झोप लागायची नाही. सोपानबुवांना विचारू. माळ त्यांनीच घातलीय तुम्हाला."

सोपानबुवांचं कीर्तन त्या दिवशी डोंगरातल्या घाटघरला होतं. दोघांनी एसटी पकडली. वर धुकं इतकं, की ड्रायव्हर रस्ता बघत नव्हता, आठवत होता. भाताची लावणी उरकून सगळी वाडी देवळात जमलेली, पायाला अजून चिखल. बुवा असे रंगले की सावळारामभाऊ कशासाठी आलो हेच विसरले आणि टाळ घेऊन उभे राहिले. वहिनींनी मागून सदरा ओढला तेव्हा आरती संपली होती.

बुवांनी सगळं ऐकलं. साक्षरता वर्गापाशी त्यांना हसू आवरेना, उपरण्यात तोंड घालून हसले. मग डोळे पुसून म्हणाले,

"सावळाराम, सही का सोडलीस?"

"लोक सारखी मागतात म्हणून, बुवा."

"मग लोकांना नाही का म्हटलं नाहीस?"

"भीड पडते."

"म्हणजे खोड जिभेची, आणि उपास घडवला हाताला! अरे, देवापुढं सोडायचं ते आपल्याला आवडतं ते. तुला सही कुठं आवडत होती? तुला आवडतं ते लोकांनी भला माणूस म्हणणं. पुरणपोळीहून गोड लागतं ते तुला. बायको एका भिंतीसाठी झुरतेय आणि तू गावभर भलेपणाच्या पंगती घालतोस! ते सोड. तुझं व्रत मोडत नाही, मी ते जागेवर आणतो. आजपासून हात मोकळा. कार्तिकीपर्यंत भीड वर्ज्य."

सावळारामभाऊंनी मान खाली घातली. असं निरूपण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, कारण या वेळी ते दुसऱ्या कुणाविषयी नव्हतं. त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. वहिनींनी पदरानं डोळे टिपले. सगळी वाडी गहिवरून बघत होती.

निघायची वेळ झाली. बुवांनी आपली पिशवी जवळ ओढली, चिपळ्या बाजूला सारल्या आणि आतून घडी घातलेला एक कागद काढला.

"सावळाराम, एवढं तुझं काम झालं. आता माझं एक बारकंसं. आमचे धाकटे जावई नुकतेच एका कार्डाच्या कंपनीत..."

भाऊंनी कागदाकडं बघितलं, मग बुवांकडं, मग अंजनावहिनींकडं. ज्या बुवांनी माळ घातली, ज्यांच्या मागं पंचवीस वर्षं उभं राहिलो, ते बुवा! भाऊंच्या मानेची शीर ताठ झाली, कानशिलं लाल झाली, ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. तिसऱ्यांदा आवाज आला, तो इतका मोठा की बाहेर बांधलेली म्हैस उभी राहिली.

"नाही!"

आणि मग हळू, "नाही, बुवा. जमणार नाही."

सावळारामभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी बुवांचे पाय घट्ट धरले. "माउली! परीक्षा घेतलीत माझी! तिथल्या तिथं परीक्षा घेतलीत!"

बुवांनी कागदाची पुन्हा घडी केली आणि पिशवीत ठेवली. "परीक्षा कसली, बाबा?" ते उदास होऊन म्हणाले. "जावई खरंच आहेत. टार्गेट आहे बिचाऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी नारायणगावला जाऊन पाकिटावर सही केली. सवय मोडल्यानं ती जरा गिरवल्यासारखी आली, पण जुळली. कार्ड घेणारं दुकान जुन्नरात शोधणं हा वेगळाच सप्ताह झाला. शेवटी पेट्रोल पंपावर सोय लागली. भाऊंकडं गाडी नव्हती, म्हणून दर महिन्याला गेणभाऊंच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरायचं, गेणभाऊंनी रोख द्यायची आणि बिल मुदतीआधी चुकतं करायचं. भीड सुटल्यावर 'रोख आधी, पेट्रोल मागून' असं गेणभाऊंना सांगतानासुद्धा भाऊ अडखळले नाहीत. दिवाळीला मोहिनी मॅडमनी नाव टाकलं. स्कोर अंगानं किरकोळ होता, पण उभा होता. अंजनावहिनींचं नाव सोबत लावलं आणि कर्ज मंजूर झालं. दिवाळीच्या पाडव्याला किल्ली वहिनींच्या हातात पडली, आणि वास्तुशांतीला सोपानबुवांचंच कीर्तन झालं.

तर मंडळी, सावळारामभाऊंचं कल्याण झालं, तुमचंही होवो. आता उठण्याआधी माझी एकच विनंती. सोपानबुवांचे ते धाकटे जावई अजून त्याच कंपनीत आहेत, आणि बुवा आता कुणाला विचारायला धजत नाहीत. तुम्हाला भीड मोडता येत नाही म्हणून नव्हे, पण खरोखरच बिनफीचं एखादं कार्ड हवं असेल, एकच, तर तेवढी त्या गरिबाची आठवण ठेवा.